पत्त्यांवरचा चरितार्थ : एका व्यावसायिक पोकरपटूचे जीवन

'भिकार-सावकार' हा पत्त्यांचा डाव आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी मे महिन्याच्या सुटीत खेळलेला असेल. गठ्ठ्यावरचे पान न पाहता उलटायचे. जुळले तर सगळी रास आपली, न जुळले तर आपले पानही गेले. या डावात खेळणाऱ्याला ठरवावयाचे असे काहीच नसते. सावकार व्हायचे की भिकारी हे पत्ते पिसतानाच ठरून गेलेले असते. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला बुद्धिबळ आहे. तेथे दैवाला पटावर जागाच नाही. हरलो तर आपल्या चुकीने आणि जिंकलो तर दुसऱ्याच्या. या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी रमी, ब्रिज, तीन पत्ती आणि पोकर हे खेळ येतात. त्यांत दैवही आहे आणि बुद्धीही आहे. आणि म्हणूनच त्यांच्याविषयी समाजाचे मत नेहमी दुभंगलेले राहिले आहे.

प्रस्तुत लेखात मी पोकर या खेळावर आयुष्यभर पोट भरणाऱ्या एका माणसाचा विचार करणार आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला पडलेला प्रश्न असा : ज्या खेळात दैवाचा वाटा मोठा आहे, त्या खेळावर एखादा माणूस पन्नास-साठ वर्षे संसार चालवितो, हे घडते तरी कसे? आणि ते घडत असेल, तर त्याला जुगारी म्हणावे की व्यावसायिक? हा लेख कोणाला पोकर शिकविण्यासाठी नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. उलट, हा व्यवसाय आतून कसा चालतो हे समजल्यावर त्याच्या वाटेला जाणाऱ्यांची संख्या कमीच होईल, असे मला वाटते.

खेळाचे स्वरूप

पोकरचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी 'टेक्सास होल्डेम' हा आज सर्वाधिक प्रचलित आहे. प्रत्येक खेळाडूला दोन पाने उपडी वाटली जातात. नंतर टेबलावर मधोमध प्रथम तीन, मग एक आणि शेवटी आणखी एक, अशी एकूण पाच पाने उघडी मांडली जातात. ही पाच पाने सर्वांची सामाईक असतात. हातातली दोन आणि मधली पाच अशा सातांतून ज्याची पाच पाने सर्वांत भारी, तो मधली रास उचलतो. पाने उघडण्याच्या प्रत्येक टप्प्यावर पैसे लावण्याची फेरी होते. त्या वेळी खेळाडू पैसे लावू शकतो, वाढवू शकतो किंवा पाने टाकून डावातून बाहेर पडू शकतो. आपल्या तीन पत्तीत 'पॅक' म्हणतात तसेच हे.

यात एक गोष्ट विशेष आहे. बाकी सगळ्यांनी पाने टाकली, तर उरलेल्या एकट्याला रास मिळते; त्याला आपली पाने दाखवावीही लागत नाहीत. म्हणजे हलकी पाने हातात असतानाही मोठी रक्कम लावून समोरच्याला हूल देता येते. यालाच 'ब्लफ' म्हणतात. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमान यांनी १९२८ साली खेळांच्या सिद्धान्तावर जो निबंध प्रसिद्ध केला आणि पुढे १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्याबरोबर जो ग्रंथ लिहिला, त्यांच्या विचारात पोकरला मोठे स्थान होते. हूल देणे हा केवळ धूर्तपणा नसून योग्य प्रमाणात केल्यास तो गणिताने सिद्ध होणारा आवश्यक डाव आहे, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या अर्थशास्त्रात आज 'गेम थिअरी' या नावाने जे शास्त्र शिकविले जाते, त्याच्या उगमाशी हा पत्त्यांचा खेळ आहे, ही गोष्ट मला तरी मोठी गमतीची वाटली.

धंद्याचे गणित

बावन्न पानांतून दोन पानांच्या १,३२६ जोड्या होऊ शकतात. त्यांत दोन एक्क्यांच्या जोड्या फक्त सहा. म्हणजे २२१ डावांत सरासरी एकदा ही सर्वोत्तम जोडी हाती येणार. हे प्रमाण जगज्जेत्यालाही तेच आणि नवशिक्यालाही तेच. पाने वाटण्याच्या बाबतीत दैव कोणाचाच पक्षपात करीत नाही. मग फरक पडतो कोठे? तो पडतो निर्णयात.

एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्या हातात बदामाची दोन पाने आहेत आणि मध्ये उघडलेल्या चार पानांत आणखी दोन बदाम आहेत. शेवटचे पान बदामाचे आले तर एकाच रंगाची पाच पाने होऊन आपण जिंकू. नाही आले तर हरू. आपण सहा पाने पाहिली आहेत, न पाहिलेली ४६ उरली, आणि त्यांत ९ बदाम आहेत. मधल्या राशीत ८० रुपये आहेत आणि समोरच्याने २० रुपये लावले. आता राशीत १०० रुपये झाले. २० रुपये घालून पुढे जावे काय?

हाच प्रसंग ४६ वेळा आला अशी कल्पना करू. सरासरीने ९ वेळा आपण १०० रुपये मिळवू, म्हणजे ९०० रुपये. आणि ३७ वेळा २० रुपये घालवू, म्हणजे ७४० रुपये. निव्वळ लाभ १६० रुपये. तेव्हा पुढे जाणे योग्य. आता समोरच्याने २० ऐवजी ४० रुपये लावले असते तर? रास १२० ची होते आणि आपल्याला ४० घालावे लागतात. ९ वेळा १२० म्हणजे १,०८० रुपये मिळणार आणि ३७ वेळा ४० म्हणजे १,४८० रुपये जाणार. ४०० रुपयांचा तोटा! पाने तीच, बदामाची शक्यता तीच. पण एका वेळी पुढे जाणे शहाणपणाचे आणि दुसऱ्या वेळी वेडेपणाचे. व्यावसायिक खेळाडूचे कसब ते हेच. चित्रपटांत दाखवितात तसे डोळ्यांत डोळे घालून मन वाचणे हा त्याचा लहानसा भाग आहे. २०१७ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे 'लिब्रेटस' नावाच्या संगणक-कार्यक्रमाने चार नामवंत व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांच्या सामन्यात हरविले. त्या यंत्राने कोणाच्याही चेहऱ्याकडे पाहिले नव्हते.

परंतु या गणितात एक मोठी मेख आहे. वरच्या पहिल्या उदाहरणात आपला निर्णय बिनचूक असूनही आपण ४६ पैकी ३७ वेळा हरतो. असा प्रसंग लागोपाठ दहा वेळा आला आणि आपण दहाही वेळा योग्य तेच केले, तरी दहाच्या दहा वेळा हरण्याची शक्यता शेकडा ११ च्या आसपास आहे. ज्याच्या खिशात १०० रुपयेच होते, तो पाचव्या वेळीच उठून गेला. पुढचा लाभ पाहायला तो टेबलावर उरलाच नाही. म्हणून व्यावसायिक खेळाडू आपल्या भांडवलाचा अगदी लहान भाग एका वेळी पणाला लावतो. घरखर्चाचे पैसे आणि खेळाचे पैसे तो वेगळे ठेवतो, प्रत्येक बैठकीची नोंद वहीत करतो, आणि हरत असताना रक्कम वाढवून 'भरून काढण्याचा' मोह टाळतो. या मोहाला पोकरच्या परिभाषेत 'टिल्ट' म्हणतात. आपण म्हणू, तोल सुटणे. द्यूतसभेत युधिष्ठिर धन हरला, राज्य हरला, भाऊ हरला, स्वतःला हरला आणि त्यानंतर द्रौपदीला पणाला लावून बसला. शकुनीचे कपट क्षणभर बाजूला ठेवले, तरी तोल सुटलेल्या माणसाचे यापेक्षा स्पष्ट चित्र जगाच्या वाङ्मयात क्वचितच सापडेल.

डॉइल ब्रन्सन : खेडेगावातून लास वेगासपर्यंत

आता हे सर्व एका माणसाच्या आयुष्यात कसे उतरले ते पाहू. डॉइल ब्रन्सन याचा जन्म १० ऑगस्ट १९३३ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील लाँगवर्थ या चिमुकल्या खेड्यात झाला. पत्त्यांशी त्याचा फारसा संबंध नव्हता. तो होता खेळाडू. शालेय स्पर्धेत एक मैलाची शर्यत त्याने ४ मिनिटे ४३ सेकंदांत जिंकली होती आणि बास्केटबॉलमध्ये तर तो इतका निपुण होता की मिनियापोलिस लेकर्स या व्यावसायिक संघाची नजर त्याच्यावर गेली होती. परंतु सुटीत एका जिप्समच्या कारखान्यात काम करीत असता मालाचा ढीग अंगावर घसरून त्याचा पाय मोडला. पाय जवळजवळ दोन वर्षे प्लास्टरमध्ये राहिला आणि बास्केटबॉलचे दार कायमचे बंद झाले. पुढे वार्धक्यात तो कुबडी घेऊनच टेबलाशी येई, त्याचे मूळ या अपघातात होते.

आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट म्हणजे, हा मनुष्य अशिक्षित नव्हता. हार्डिन-सिमन्स विद्यापीठातून १९५४ साली त्याने पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी शैक्षणिक प्रशासन या विषयात पदव्युत्तर पदवी मिळविली. शिक्षण क्षेत्रात जाण्याऐवजी त्याने कार्यालयीन यंत्रे विकण्याची नोकरी धरली. पहिल्याच दिवशी कोणीतरी त्याला पोकर खेळायला बोलावले आणि त्या एका बैठकीत त्याला महिन्याच्या पगाराहून अधिक पैसे मिळाले. थोड्याच दिवसांत त्याने नोकरी सोडली.

ही हकिकत ऐकून कोणालाही हेवा वाटेल. पण पुढची वर्षे कशी गेली तेही पाहिले पाहिजे. टेक्सासमध्ये पोकरचे अड्डे बेकायदेशीर होते. फोर्ट वर्थ शहरातील एक्स्चेंज स्ट्रीटवर गुन्हेगारांनी चालविलेल्या अड्ड्यांवर तो खेळत असे. तेथे पोलिसांची धाड पडे, दरोडेखोर येत, आणि पत्त्यांत लबाडी करणारे तर नेहमीचेच. जिंकणे एक आणि जिंकलेले पैसे घेऊन सुखरूप घरी पोहोचणे दुसरे, अशी स्थिती होती. पुढे 'अमॅरिलो स्लिम' प्रेस्टन आणि 'सेलर' रॉबर्ट्स या दोघांबरोबर त्याने भागीदारी केली. तिघांचे भांडवल एक. टेक्सास, ओक्लाहोमा, लुइझियाना या राज्यांतून मोटारीने गावोगाव हिंडायचे, जेथे खेळ असेल तेथे बसायचे. एखाद्या फिरत्या व्यापाऱ्यासारखेच हे जीवन. अशी सुमारे सहा वर्षे गेली. मग तिघे लास वेगासला गेले आणि तेथे त्यांचे सगळे सामाईक भांडवल, लाखाच्या घरातली रक्कम, बुडाले. भागीदारी संपली. पुढच्या काळात हे तिघेही जागतिक विजेते झाले : स्लिम १९७२ मध्ये, रॉबर्ट्स १९७५ मध्ये आणि ब्रन्सन १९७६ मध्ये. म्हणजे त्या काळच्या तीन सर्वोत्तम खेळाडूंनाही एकत्र मिळून कफल्लक होण्याचा अनुभव चुकला नाही.

१९६२ साली ब्रन्सनचे लुईस या मुलीशी लग्न झाले. त्याच वर्षी त्याच्या मानेत गाठ आढळली. शस्त्रक्रियेच्या वेळी कर्करोग पसरलेला दिसला आणि डॉक्टरांनी काही महिन्यांचीच आशा दिली. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तो आश्चर्यकारकरीत्या बरा झाला. पुढे १९८२ साली त्याची अठरा वर्षांची मुलगी डॉयला हृदयविकाराने वारली. त्याचा मुलगा टॉड मात्र पोकरपटूच झाला आणि २००५ साली त्यानेही जागतिक स्पर्धेत एक विजेतेपद मिळविले. या व्यवसायात रजा नाही, विमा नाही, निवृत्तिवेतन नाही. घरात काहीही घडो, कमाई व्हायची तर टेबलाशी जाऊनच बसावे लागते, आणि बसल्यावर डोके शांत ठेवावे लागते.

१९७८ साली ब्रन्सनने स्वतःच्या खर्चाने 'सुपर सिस्टिम' या नावाने प्रसिद्ध असलेला ग्रंथ काढला. पोकरच्या एकेका प्रकारावर त्या त्या जाणकाराकडून प्रकरण लिहवून घेतले. त्यापूर्वी हे ज्ञान गुरूकडून शिष्याकडेही सहसा जात नसे. आपल्या धंद्यातली गुपिते अशी छापून टाकल्याने आपले नुकसानच झाले, असे तो पुढे म्हणत असे. कारण समोर बसणारा प्रत्येक जण ते पुस्तक वाचून येऊ लागला. १९८८ साली पोकरच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचा समावेश झाला. जागतिक स्पर्धेतील एकूण दहा विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. १४ मे २०२३ रोजी वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी तो लास वेगास येथे वारला.

दश्शी-दुर्रीची कथा

ब्रन्सनच्या नावाने पोकरमध्ये एक जोडी ओळखली जाते. ती दोन एक्क्यांची नाही की राजाराणीची नाही. ती आहे दश्शी आणि दुर्री! पोकर जाणणारा कोणीही सांगेल की ही अगदी टाकाऊ जोडी. मग तिला या थोर खेळाडूचे नाव कसे मिळाले?

'वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर' ही स्पर्धा १९७० साली लास वेगासमधील बेनी बिनियन याच्या 'हॉर्सशू' कॅसिनोत सुरू झाली. १९७६ साली प्रत्येकी दहा हजार डॉलर भरून २२ खेळाडू बसले होते आणि सर्व रक्कम, म्हणजे २,२०,००० डॉलर, एकट्या विजेत्याला मिळणार होती. शेवटच्या डावात ब्रन्सनच्या हातात दश्शी-दुर्री होती. प्रतिस्पर्धी जेसी आल्टो याच्याकडे एक्का आणि गुलाम. मध्ये पहिली तीन पाने उघडली ती एक्का, गुलाम, दश्शी. आल्टोच्या दोन मोठ्या जोड्या झाल्या, ब्रन्सनची एक लहान. चौथे पान दुर्री आले, तरीही आल्टो पुढेच होता. मोजकीच पाने ब्रन्सनला वाचवू शकत होती. शेवटचे पान आले दश्शी, आणि ब्रन्सन जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी ३४ खेळाडू होते. शेवटच्या डावात ब्रन्सनच्या हातात पुन्हा दश्शी-दुर्री! पहिली तीन पाने उघडल्यावर प्रतिस्पर्धी गॅरी बर्लंड दोन जोड्यांनिशी पुढे होता. चौथे पान दुर्री, शेवटचे पान दश्शी. पुन्हा ब्रन्सन विजयी.

या कथेवर मी बराच विचार केला. ज्या माणसाने खेळाचे शास्त्र लिहिले, त्याचे नाव लोकांनी जोडले ते त्याच्या उत्तम निर्णयाशी नव्हे, तर त्याच्या सर्वांत भाग्यवान डावाशी. लोक निकाल पाहतात, निर्णय पाहत नाहीत. ब्रन्सनचे मोठेपण त्या दोन दश्शींत नव्हते. त्या शेवटच्या डावापर्यंत दोन वर्षे लागोपाठ पोहोचण्यात होते, आणि तेथून पुढे आणखी चार दशके टेबलाशी टिकून राहण्यात होते. आल्टोने शेवटच्या पानापूर्वी काहीच चूक केली नव्हती. पण त्याचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

स्टू उंगर : दुसरी बाजू

केवळ बुद्धी असून भागत नाही, हे पाहायचे तर ब्रन्सनच्या शेजारी स्टू उंगर याचे आयुष्य ठेवून पाहावे. उंगर १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला. 'जिन रमी' या खेळात लहान वयातच तो इतका तरबेज झाला की पुढे त्याच्याशी पैसे लावून खेळायला कोणी तयार होईना. म्हणून तो पोकरकडे वळला. १९८० साली जागतिक स्पर्धेच्या अंतिम डावात त्याने हरविले ते खुद्द ब्रन्सनला. १९८१ साली तो पुन्हा जिंकला. स्मरणशक्ती आणि धडाडी यांत त्याच्या तोडीचा खेळाडू झाला नाही, असे जाणकार मानतात.

परंतु पोकरमध्ये मिळविलेले पैसे तो घोड्यांच्या शर्यतींत आणि इतर पैजांत उधळीत असे. जेथे त्याच्या बुद्धीला वाव होता तेथे तो मिळवी आणि जेथे नव्हता तेथे घालवी. त्यात कोकेनचे व्यसन जडले. १९९० च्या स्पर्धेत तिसऱ्या दिवशी तो हॉटेलच्या खोलीत बेशुद्ध सापडला. १९९७ साली दुसऱ्याने भरलेल्या प्रवेशशुल्कावर तो खेळला आणि तिसऱ्यांदा जगज्जेता झाला. बक्षीस दहा लाख डॉलरचे, त्यातील अर्धे पैसे भरणाऱ्याचे. पुढच्याच वर्षी, २२ नोव्हेंबर १९९८ रोजी, लास वेगासमधील एका स्वस्त मोटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत आढळला. वय पंचेचाळीस. जवळ आठशे डॉलरच्या आसपास रोकड होती.

ब्रन्सन आणि उंगर यांच्यात पत्त्यांच्या ज्ञानाचा फरक नव्हता. असलाच तर तो उंगरच्या बाजूचा होता. फरक होता तो पैसा आणि स्वतःचे मन सांभाळण्याचा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात फाशांच्या नादी लागलेल्या माणसाचा विलाप आहे. घर तुटले, पत्नी दुरावली, लोक दारात उभे करीत नाहीत, तरी फाशांचा आवाज ऐकू आला की पाय तिकडेच वळतात, असे तो सांगतो. इतक्या प्राचीन काळच्या त्या जुगाऱ्याला लास वेगासमधील हा जगज्जेता आपल्या जवळचाच वाटला असता.

हा पैसा येतो कोठून?

आता अर्थशास्त्राच्या दृष्टीने मुख्य प्रश्न. शेतकरी धान्य पिकवितो, विणकर कापड विणतो, शिक्षक शिकवितो. त्यांना मिळणाऱ्या पैशाच्या बदल्यात समाजाला काहीतरी मिळते. पोकरच्या टेबलावर नवीन असे काहीही निर्माण होत नाही. समजा, सहा जण प्रत्येकी हजार रुपये घेऊन बसले. रात्रभर खेळ झाला तरी टेबलावर सहा हजारच राहणार. किंबहुना त्याहून कमी, कारण जागा देणारा मालक प्रत्येक राशीतून आपला वाटा काढून घेतो. तेव्हा सहाही जणांची मिळून बेरीज नेहमी तोट्याचीच असते. एक जण महिनाअखेर नफ्यात राहिला, तर उरलेल्यांनी त्याचा नफा आणि मालकाचा वाटा असे दोन्ही भरलेले असतात.

यातून व्यावसायिक खेळाडूचे खरे धोरण निघते. तो आपल्याहून बलवान खेळाडूंच्या शोधात नसतो. आपल्याहून दुबळ्यांच्या शोधात असतो. मल्ल बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला आव्हान देऊन कीर्ती मिळवितो. पोकरपटू योग्य टेबल निवडून पोट भरतो. ज्या टेबलावर सगळेच तज्ज्ञ, तेथे सगळ्यांचाच तोटा आणि मालकाचा फायदा. तेव्हा या व्यवसायाला सतत नव्या, न शिकलेल्या, आशाळभूत माणसांचा पुरवठा लागतो. २००३ साली टेनेसी राज्यातील ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस इंटरनेटवरील एका स्वस्त पात्रता-स्पर्धेतून मुख्य स्पर्धेत आला आणि ८३९ खेळाडूंतून पहिला येऊन २५ लाख डॉलर जिंकून गेला. 'त्याला जमले, तर मला का नाही?' असे म्हणत जगभरचे लोक पोकरकडे धावले. २००६ साली त्याच स्पर्धेत ८,७७३ खेळाडू बसले होते. जिंकला अर्थात एकच.

आपल्याकडील स्थिती

आपल्या देशात कायद्याने दैवाचा खेळ आणि कौशल्याचा खेळ असा भेद फार पूर्वीपासून केला आहे. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा आणि आपल्या राज्याला लागू असलेला १८८७ चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा, या दोहोंत केवळ कौशल्याच्या खेळांना सूट होती. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. कारण त्यात पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात. पोकरविषयी मात्र एकमत झाले नाही. २०१७ साली गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला कौशल्याचा खेळ मानण्यास नकार दिला. गोव्यात मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे उभी राहिली. महाराष्ट्रात कॅसिनोविषयीचा १९७६ चा कायदा संमत होऊनही अंमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दच करण्यात आला. पुढे मोबाइलवर पैसे लावून रमी-पोकर खेळण्याची लाट आली आणि २०२५ साली संसदेने संमत केलेल्या कायद्याने, खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, पैसे लावून खेळविल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली.

मला येथे असे सुचवावेसे वाटते की, 'कौशल्य की दैव' हा वाद महत्त्वाचा असला तरी अपुरा आहे. वर पाहिल्याप्रमाणे पोकरमध्ये कौशल्य निःसंशय आहे. पण जितके कौशल्य अधिक, तितका अकुशल माणसाचा पराभव अधिक निश्चित. 'हा कौशल्याचा खेळ आहे' या वाक्याचा नवशिक्याला लागू पडणारा अर्थ 'तुम्ही जिंकाल' असा नसून 'तुम्ही नक्की हराल' असा आहे. वसतिगृहात बसून घरून आलेल्या फीच्या पैशांवर डाव मांडणारा विद्यार्थी ब्रन्सनच्या खुर्चीत बसलेला नसतो. ब्रन्सनच्या समोरच्या खुर्चीत बसलेला असतो.

समारोप

आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. ब्रन्सनला जुगारी म्हणावे की व्यावसायिक? माझ्या मते, तो व्यावसायिक होता. पण त्याचा व्यवसाय पत्ते खेळण्याचा नव्हता, तर जोखीम तोलण्याचा होता. विमा कंपनी ज्या हिशेबाने चालते, त्याच हिशेबाने तो चालत होता. एका डावाला महत्त्व न देता हजार डावांचा विचार करणे, हरल्यावर निर्णय चुकला होता की फक्त पान चुकले हे प्रामाणिकपणे तपासणे, आणि जिंकल्यावरही तीच तपासणी करणे, हे त्याच्याकडून घेण्यासारखे आहे. आपल्यातील एखाद्याला परीक्षेत नेमका वाचलेलाच प्रश्न येतो आणि तो उत्तीर्ण होतो. दुसऱ्याने वर्षभर अभ्यास करूनही त्याचे गुण कमी पडतात. पहिल्याला आपण हुशार म्हणतो आणि दुसऱ्याला मूर्ख. दश्शी-दुर्रीला ब्रन्सनचे नाव देणाऱ्या लोकांत आणि आपल्यात मग फारसा फरक राहत नाही.

घेऊ नये असे जे आहे, ते त्याची मिळकत. ती ज्यांच्या खिशातून आली, त्यांची चरित्रे कोणी लिहिलेली नाहीत, आणि त्यांची संख्या मोठी आहे. १९७६ सालच्या त्या बावीस खेळाडूंपैकी एकवीस जण दहा-दहा हजार डॉलर ठेवून घरी गेले होते. या व्यवसायाचा हिशेब मांडताना ती एकवीस नावेही वहीत लिहावी लागतात.